बू मतरच्या रायफलीचे आटे

जहूर मुकादम बावीस वर्षं आखातात लेथवर उभा होता. त्यातली अकरा वर्षं बंदुकांच्या नळ्यांवर. अबू धाबीच्या बाहेर एका शूटिंग क्लबचं परवाना असलेलं वर्कशॉप होतं, त्याच्या मागच्या खोलीत. मूळचा हर्णैचा. वडील मचव्यांची इंजिनं दुरुस्त करायचे, त्यांच्या हाताखाली त्याचा कान तयार झाला आणि मग आयटीआयमध्ये हात. क्लबमधल्या निम्म्या रायफलींवर त्याचं काम होतं. पण व्हिसावर लिहिलेलं 'टर्नर', गळ्यातल्या कार्डावर 'टेक्निशियन'. गनस्मिथ हा शब्द पुढच्या शोरूममध्ये होता, काचेच्या फ्रेममध्ये, हेन्रिकच्या सर्टिफिकेटावर.

हेन्रिक दीड वर्षापूर्वी युरोपातून आला होता. वाईट माणूस नव्हता. हसून बोलायचा, जहूरला 'माय फ्रेंड' म्हणायचा. फक्त त्याला घाई फार. आणि त्याची घाई मागच्या खोलीत निस्तरायची कोणी, तर जहूरने. वाकडा बसलेला स्क्रू, ओरखडलेली कड, सगळं गुपचूप सरळ करून जहूर रायफलीच्या जॉब कार्डावर 'तपासले' म्हणून सही करायचा. दीड वर्ष असंच चाललेलं. घरी आला की भांडी आपटायचा. बायको, साजिदा, म्हणायची, "त्या गोऱ्याचा राग माझ्या पातेल्यांवर नका काढू."

वर्कशॉपचा मॅनेजर संजय करंदीकर, पुण्याचा. मराठी माणूस म्हणून जहूरला सुरुवातीला आनंद झाला होता. तो फार दिवस टिकला नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने काहीतरी विचारलं आणि जहूरने उत्तर दिलं, तर दुसऱ्या दिवशी संजयने ईमेलच काढली. बॅक रूम स्टाफने क्लायंटशी बोलू नये. इमेजचा प्रश्न आहे.

मार्चमध्ये बू मतर आला. साठी ओलांडलेला अमिराती, लांब पल्ल्याच्या नेमबाजीतला जुना खेळाडू. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. रायफलीचा धक्का खांद्याला सोसेना म्हणून डॉक्टरने खेळ बंद करायला सांगितला होता. त्यावर त्याने उपाय शोधला होता मझल ब्रेकचा. नळीच्या तोंडावर बसवायचं भोकाभोकांचं लोखंडी नळकांडं, बारूदाचा वायू बाजूंना फेकतं आणि मागचा धक्का निम्म्यावर आणतं. पण ते बसवायला नळीच्या तोंडावर आटे पाडावे लागतात आणि ते आटे आतल्या भोकाशी केसभरही तिरके असून चालत नाहीत. गोळी त्याच नळकांड्यातून जायची असते. कडेला लागली तर ब्रेक फुटतो, आणि बाजूला उभ्या माणसाचा डोळा जातो.

म्हातारा हे सगळं जाणून होता. शारजात एकाकडे, दुबईत एकाकडे जाऊन आलेला. कोणाच्या हातात रायफल द्यायची ते स्वतः बघून ठरवणार म्हणाला. जहूर त्या वेळी शोरूममध्ये कपाटाचं कुलूप बदलत होता, दोन पावलांवर.

"नली को मशीन में कैसे पकडेगा?" बू मतरने आखाती हिंदीत विचारलं. "बाहर से नाप लेगा, या अंदर के सुराख से?"

जहूरचा हात थांबला. नेमका प्रश्न. नळीचं भोक बाहेरच्या गोलाईच्या बरोब्बर मध्यावर असतंच असं नाही. बाहेरून धरून आटे पाडले तर दिसायला देखणे आणि आतून तिरके. भोकात पिन घालून, मापाचा डायल लावून, नळी हलवत हलवत जमवावी लागते. कधी अर्धा दिवस जातो.

संजयने प्रश्न इंग्रजीत सांगितला. हेन्रिक हसला. "स्टँडर्ड जॉब, सर. वी डू इट एव्हरी वीक. टू अवर्स."

बू मतरने हेन्रिककडून मान वळवली. त्याची नजर शोरूममधून फिरली आणि जहूरच्या काळवंडलेल्या बोटांवर थांबली. "तुम क्या बोलता?"

"ही इज ओन्ली अ हेल्पर, सर," संजय लगेच म्हणाला.

आणि जहूर म्हणाला, "साहब जो बोला, वही सही है."

त्या शब्दावर म्हाताऱ्याने रायफल टेबलावर ठेवली. "यल्ला. इन्शाल्ला खैर."

हेल्पर! जहूर मागच्या खोलीत आला तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती. अकरा वर्षं, आणि हेल्पर! पण संजयपेक्षाही त्याला जाळत होतं ते स्वतःचं वाक्य. कोणी गळा धरला नव्हता. विचारलं होतं, आणि त्याने होला हो म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेन्रिकने नळी लेथच्या चकमध्ये धरली, बाहेरून डायल लावला, मान डोलावली. जहूर म्हणाला, "मिस्टर हेन्रिक, चेक फ्रॉम इनसाइड. बोअर."

"गुड बॅरल, माय फ्रेंड. एक्स्पेन्सिव्ह बॅरल. डोन्ट वरी."

पावणेदोन तासांत आटे पडले, ब्रेक बसला. दिसायला आरशासारखं काम. तपासणीसाठी रायफल जहूरच्या टेबलावर आली. भोकातून घालायची पोलादी सळई त्याने हळूच सरकवली. सळई ब्रेकच्या भोकात मधोमध दिसायला हवी. ती खालच्या डाव्या कडेला टेकली होती. त्याने सळई काढली, पुसली, फिरवून घातली. पुन्हा तिथेच.

तो रायफल घेऊन संजयकडे गेला नाही, संजयलाच बोलावून आणलं.

"सर, हे बघा. गोळी इथे घासणार."

संजयने डोळा लावला. त्याला दिसलं. दिसल्याचं चेहऱ्यावर उमटलं, आणि तेच जहूरच्या मनातून पुढे कधी गेलं नाही.

"सळई वाकडी असेल."

"परवा नवीन आणली. सपाट फरशीवर फिरवून दाखवू?"

"जहूरभाई, क्लायंट चार वाजता येतोय. रविवारी त्याची प्रॅक्टिस आहे. भोक थोडं मोठं करा ब्रेकचं, मोकळीक मिळेल. आणि सही करून टाका. उगाच इश्यू करू नका."

"भोक मोठं करून आटे सरळ होतात का, सर?"

"तुम्ही सही करता की नाही?"

"नाही."

एवढा छोटा शब्द, पण तोंडातून पडला तेव्हा जहूरचे कान तापले. संजयने त्याच्या हातातून जॉब कार्ड ओढून घेतलं. 'तपासले'च्या रकान्यात हेन्रिकची सही घेतली आणि रायफल पुढे नेली.

चार वाजता बू मतर शोरूममध्ये रायफल पेटीत ठेवत होता. जहूर मधलं दार ढकलून आला. ॲप्रन तेलाने माखलेला, हातात सळई.

"जहूरभाई, आत जा," संजय मराठीत दबक्या आवाजात म्हणाला.

"साहब, पेटी मत बंद करो," जहूर म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "गोली ब्रेक को लगेगा. मैं दिखाता हूँ."

सळई घालून त्याने नळीचं तोंड उजेडाकडे धरलं. म्हाताऱ्याने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. हेन्रिक पुढे होऊन बघू लागला, आणि त्याची मान लालभडक झाली. संजय सॉरी, री-चेक, कॉम्प्लिमेंटरी असलं काही बोलत सुटला.

बू मतरने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो जहूरवर उसळला.

"मैं उस दिन पूछा था. तुम इधर खडा था, दो कदम! तुम को मालूम था?"

"मालूम था, साहब."

"फिर झूठ क्यों बोला? अभी ये नली काटना पडेगा. एक इंच गया मेरा नली! उस दिन एक बात बोलता तो बच जाता. नौकरी का डर था?"

जहूरला आभार वगैरे नको होते. पण हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. संजयसमोर, हेन्रिकसमोर तो ऐकत राहिला. बोलणं खरं होतं. "हाँ साहब," एवढंच म्हणाला. म्हातारा पेटी उचलून निघून गेला.

दुसऱ्या सकाळी पत्र मिळालं. शिस्तभंग, क्लायंटसमोर गैरवर्तन. एक महिन्याची नोटीस. अकरा वर्षांत एक दिवस उशिरा न आलेल्या माणसाला.

मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरी साजिदाने पत्र दोनदा वाचलं. "इन्शाचं बारावीचं वर्ष आहे. तुमची जीभ आत्ताच सुटायची होती?"

"आधीच सुटायला हवी होती," जहूर म्हणाला. "तीच तर चूक झाली."

"अब्बा, यू शुड फाइल अ कम्प्लेंट," इन्शा म्हणाली. "दे कान्ट डू धिस."

"कम्प्लेंट करून काय, हेल्पर म्हणून परत घेतील?" तो एवढ्या जोरात ओरडला की पोरगी उठून आत गेली. मग त्याला तिचाही राग आला नाही, स्वतःचाच आला.  त्या दिवशी जहूरने एकही भांडं आपटलं नाही. पत्र समोर ठेवून बसून राहिला.

नोटिशीचे तीन आठवडे झाले आणि बू मतर परत आला. तीच पेटी. या वेळी त्याने निवडायला वेळ घेतला नाही. संजयच्या टेबलावर एक कागद ठेवला. काम जहूर मुकादम करेल, जॉब कार्डावर गनस्मिथ म्हणून त्याचं नाव लिहिलं जाईल, दुसऱ्या कोणी नळीला हात लावायचा नाही. नाहीतर हा सगळा किस्सा तो क्लबच्या कमिटीपुढे नेणार.

मग मागच्या खोलीत येऊन जहूरला म्हणाला, "मैं अभी भी गुस्सा है. समझा?"

"मैं भी, साहब," जहूर म्हणाला.

म्हाताऱ्याने स्टूल ओढलं आणि बसला. जहूरने वाकड्या आट्यांचा इंचभर तुकडा कापून काढला. मग भोकात पिन घालून डायल लावला. काटा थरथरायचा, तो चकच्या एका बाजूला किंचित आवळायचा, पुन्हा फिरवायचा. दोन तास गेले, आटा एकही पडला नव्हता. हेन्रिक दाराशी उभा राहून बघत होता. थोड्या वेळाने पुढे होऊन त्याने जवळचा दिवा वळवून नीट धरला. जहूरने त्याला जा म्हटलं नाही. दुपारी ब्रेक बसला. सळई मधोमध.

रेंजवर बू मतरने पाच गोळ्या झाडल्या. शेवटी स्वतःच्या उजव्या खांद्यावरून हात फिरवला, मान हलवली. "खलास. अच्छा है." त्याहून गोड काही बोलला नाही.

संध्याकाळी संजयने जहूरला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला. "जहूरभाई, झालं गेलं विसरू. नोटीस मागे घेतो. तुम्ही आहात तिथेच राहा."

"कार्डावर काय लिहिणार?"

"तसं... एक वेळ क्लायंटने मागितलं म्हणून केलं. पॉलिसीत तुमची ग्रेड टेक्निशियनच. पण आपलेच आहात तुम्ही."

"त्या दिवशी तुम्हाला सळई दिसली होती, सर."

संजय चहा ढवळत राहिला.

"दिसली होती ना?"

"अहो, प्रेशर असतं. तुम्हाला नाही कळायचं."

जहूर उठला. चहा तसाच राहिला. "कोणाचा डोळा गेला असता, तर सहीवर माझं नाव हवं होतं तुम्हाला. आणि काम चांगलं झालं की माझं नाव चालत नाही. माझा महिना शुक्रवारी भरतोय."

शुक्रवारी त्याने आपले मायक्रोमीटर आणि दोन डायल फडक्यात बांधून नेले. हेन्रिक बाहेर गाडीपर्यंत आला, हात पुढे केला. जहूरने तो धरला, पण 'माय फ्रेंड' म्हणाला नाही.

आता तो मुसाफाच्या औद्योगिक भागात एका पंप दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये शाफ्ट फिरवतो. खोलीला एसी नाही, पंखे आहेत. बंदुका नाहीत. व्हिसावर अजूनही टर्नर. मे महिन्यात बू मतरने फोन करून सांगितलं की स्पर्धेत अकरावा आला, आणि एक इंच नळी असती तर आठवा आला असता. मग स्वतःच हसला. जहूरला हसू आलं नाही. फोन ठेवल्यावरही त्याच्या डोक्यात तेच घुमत राहिलं, साहब जो बोला, वही सही है. त्याने चक आवळला आणि पुढचा शाफ्ट चढवला.