रोवणीचा चिखल आणि छातीतला पंप

“हे चिखलात गेले होते का?” नागपूरच्या डॉक्टरांनी कल्चरचा रिपोर्ट धरून विचारलं. कल्चर म्हणजे पुवातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी. मी तोंड उघडायच्या आत आमचे हे खाटेवरून म्हणाले, “नाही जी.”

तापाने फणफणलेला माणूस इतकं सफाईने खोटं बोलतो, याचा मला संताप आला.

ह्यांच्या छातीत एलव्हॅड आहे. हृदय थकलं म्हणून रक्त ढकलायला बसवलेला पंप. त्याची वायर, म्हणजे ड्राइव्हलाइन, पोटातून बाहेर येऊन कमरेच्या बॅटरीला जोडलेली असते. तिथली जखम नीट राखली नाही, तर जंतूला थेट पंपापर्यंत वाट मोकळी. ड्रेसिंग मीच करते.

आमच्या तिरोड्याकडच्या गावात रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, शेवटच्या दिवशी रोवणाऱ्या बाया शेताच्या मालकाला चिखल फासतात. हे म्हणे नुसतं बांधावर उभं राहायला गेले. घरी आले ते चिखलाने ओल्या झालेल्या सदऱ्यात. मी लगेच ड्रेसिंग बदललं, पण व्हायचं ते झालं होतं. आधी वायरीभोवती लाली, मग पू, मग हुडहुडी भरून ताप.

दवाखान्यात पहिलं औषध लागू पडलं नाही, दुसरंही नाही. नवी नर्स आली की मनगट चाचपायची आणि घाबरायची. पंपामुळे नाडी लागत नाही, हे दर वेळी मीच सांगायची.

डॉक्टर म्हणाले, “मेलिऑयडोसिसचा संशय आहे. या रोगाचा जंतू भातशेतीच्या मातीत असतो, लॅबलाही चकवतो. चिखल लागला असेल तर औषध आत्ताच बदलतो. नाहीतर पुन्हा तपासणी, आणि तेवढा वेळ यांच्याकडे नाही.”

ह्यांनी माझा पदर ओढला. “बायाइचं नाव कायले घेऊन राहिली? लोकं म्हणतीन, त्याइनंच मालकाले मारलं.”

“ते ऐकाले तुमी राहणार नाही,” मी म्हटलं आणि डॉक्टरांना सारं सांगितलं.

नवी इंजेक्शनं सुरू झाली. ताप हळूहळू उतरला. पंप आत आहे तोवर जंतू लपून राहू शकतो, म्हणून गोळ्या अजून चालूच आहेत. तुमच्या घरी असा पेशंट असेल तर शेत, गुरं, चिखल, सगळं डॉक्टरांना सांगा. कोणाची अब्रू झाकत बसू नका.

यंदा रोवणी संपली तेव्हा हे रस्त्यावरच खुर्ची टाकून बसले. गेल्या वर्षी ह्यांना चिखल फासणारी सुरजाबाई ओंजळ भरून त्यांच्याकडे निघाली, मध्येच थबकली, मागे फिरली. “मालकाचाबी तुमालेच लावतो बाई,” म्हणत तिने माझे दोन्ही गाल माखले. हसता हसता तिला रडू फुटलं, मलाही.

संध्याकाळी ड्रेसिंगच्या आधी मी हातांना कोपरापर्यंत साबण लावला. धुतले, पुन्हा लावला.

“आता कायले घासून राहिली? चामडं निघन,” हे म्हणाले.

मी हात पुसले आणि ह्यांच्या छातीला कान लावला. पंप घरघरत होता.