दारावरचा बोर्ड

ताईने वीस वर्षं पंखे दुरुस्त केले आणि मग त्याच गाळ्यात वस्तीतल्या पोरापोरींसाठी केंद्र काढलं. तिथे ती त्यांना पंख्याच्या मोटारीत तार गुंडाळायचं, म्हणजे वाइंडिंगचं काम शिकवते. काल केंद्राला मदत देणाऱ्या सरकारी खात्याच्या साहेबांनी दारावर बोर्ड लावला: 'बिघडलेल्या तरुणांचे सुधार केंद्र'. आज तो वाचून एक नवी पोरगी उंबऱ्यावरूनच मागे फिरली.

ताईचं टाळकंच सरकलं. स्टुलावर चढून ती बोर्डाचे स्क्रू काढायला लागली.

"अहो बाई, सरकारी बोर्ड आहे तो! मदत बंद होईल!" पाहणीला आलेले साहेब ओरडले.

"बिघडतात ते पंखे, साहेब! तुमचं पोरगं शिकवणीला जातं, तिथे दारावर 'ढ पोरांचा वर्ग' असं लिहिलंय का?"

बोर्ड साहेबांच्या हातात कोंबून ती पोरीमागे गल्लीत धावली.