दोनदा घासलेली घागर

सून चिंच-राखेनं पितळ घासायला बसली, की त्या आंबट वासानं मला निजामाच्या काळातलं आमचं बीडचं अंगण आठवतं आणि मान खाली जाते.

शेजारच्या रहिमाबीनं लेकीच्या लग्नाला नेलेली आमची पितळी घागर लख्ख घासून परत आणली होती. ती मुसलमान, मी नवी सून. माझं सोवळं सासूबाईंना दिसावं म्हणून मी तिच्यादेखतच घागर पुन्हा चिंच-राखेनं घासायला घेतली.

"कावून गं? आत्ताच घासून आनलीया," ती म्हणाली.

"आमच्यात असंच हाय," मी म्हणाले.

ती आल्या पावली परत गेली.

सासूबाई बाहेर आल्या. माझे राखेनं माखलेले हात बघत म्हणाल्या, "लई वर्सं झाली, पोरी. तिनं आनलेल्या घागरीत मी तसंच पानी भरते."