उतारावर पाय उचलायचा

सगळे ड्रायव्हर त्याला पुढारी म्हणायचे. तोंडावर मानाने, पाठीमागे डोळा मारून. आवाज असा, की फाटकाशी बोलला तर डेपोच्या शेवटच्या खड्ड्यात गाडीखाली पडलेल्या मेकॅनिकला शब्दन् शब्द ऐकू जायचा. साहेबाच्या केबिनमध्ये न विचारता खुर्ची ओढून बसणारा हा एकटाच.

डोंगरावरच्या टॉवरना डिझेल, केबल आणि माणसं पोचवायची, हे त्यांचं काम. रस्ता नावाचाच, बाकी सगळे सुटे दगड. जुन्या ट्रकवर पुढारी आणि लोणी ही जोडी. लोण्याचा गिअर असा पडायचा की शेजारी झोपलेल्याची झोप मोडायची नाही, म्हणून तो लोणी. दोघं एका डब्यात जेवायचे. लोणी पुढारीच्या बायकोला वहिनी म्हणायचा, आणि भाजी खारट झाली तर तिला तोंडावर सांगायचा. पुढारीची ती छाती नव्हती.

मग कंपनीने ऑटोमॅटिक ट्रक आणले. क्लचच नाही, गिअर आपोआप पडतात. साहेब हसत बोलून गेला, "आता काय, कुणीही चालवेल." कुणीही! ज्यांची हाडं त्या दगडांवर खिळखिळी झाली, त्यांच्यासमोर! पुढारी पेटला. आणि त्याचं पेटणं खोटं नव्हतं, कंपनीला माणसं कमी करायचीच होती. खोटं होतं ते पुढचं.

चाचणीच्या दिवशी सगळा डेपो उताराच्या पायथ्याशी जमला. पुढारीने माथ्यावर गाडी थांबवली, न्यूट्रल केली, छोटा दांडा ओढून चारही चाकं लो मध्ये, म्हणजे चढ-उताराच्या संथ चालीत घेतली. इथवर बरोबर. मग मोठा दांडा डी वर, म्हणजे सपाट रस्त्यावरच्या नेहमीच्या चालीवर टाकला आणि ब्रेक सोडला. आता लो मध्ये गाडी मुंगीच्या पावलाने निघाली तरी आतल्या शाफ्टला गरगर फिरावं लागतं. गिअरच्या पेटीला वाटतं, वेग आला! मग ती आपणहून दुसरा टाकते, तिसरा टाकते, आणि ट्रक मोकाट सुटतो. पुढारी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिला. खाली पोचला तेव्हा चाकांतून धूर निघत होता.

"बघा! ही गाडी माणसं मारणार!" तो गरजला.

लोणी खिडकीशी आला. हळूच म्हणाला, "अरे, डी वर ठेवलीस तू. एकवर आण. एकवर ती वरचा गिअर घेतच नाही, इंजिनच तिला धरून ठेवतं. ब्रेकवरचा पाय उचलून बघ एकदा."

पुढारीची नजर दांड्यावर गेली. डी. स्पष्ट दिसलं त्याला. पण डेपो बघत होता, साहेब बघत होता.

"चमचा!" तो ओरडला. "ऐका रे, साहेबाचा चमचा बोलतोय!"

हशा पिकला. दुसऱ्या दिवसापासून जेवायच्या बाकावर लोण्याला जागा मिळेना. त्याला वाळीत टाका असं पुढारीने कुणाला सांगितलं नव्हतं. टाकू नका, असंही सांगितलं नाही. ऑटोमॅटिक ट्रक परत गेले, पुढारीला लोकांनी खांद्यावर घेतलं, आणि काही महिन्यांनी लोणी नोकरी सोडून गेला. जाताना पुढारीला भेटला नाही.

वर्षं गेली. जुने ट्रक भंगारात निघाले, पुन्हा ऑटोमॅटिक आले. आता भांडायला दम नव्हता आणि सोबतीला माणसं नव्हती. रिकामे ड्रम घेऊन पुढारी त्याच माथ्यावर एकटा थांबला. लो. दांडा एकवर. आणि त्याने पाय उचलला.

इंजिन कण्हलं. म्हातारी जिना उतरते तशी, एकेक पायरी चाचपत गाडी खाली निघाली. ब्रेक नाही, धूर नाही. उजवा पाय नुसता अधांतरी. पायथ्याशी त्याने गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"जा की लोण्याकडे," रात्री सगळं ऐकून बायको म्हणाली. "खाणार आहे का तो तुम्हाला? इतकी वर्षं त्याचं नाव काढलं की ताट सरकवता."

लोणी शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत राहत होता, लोकांना गाडी शिकवत होता. दार त्यानेच उघडलं.

"पाय उचलला," पुढारी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला.

लोण्याने दार पूर्ण उघडलं. "इंजिनाने धरली?"

"धरली. चुकलो रे मी. तेव्हाच दिसलं होतं मला."

"माहितेय. तुझी नजर बघितली होती मी." लोण्याने पाणी दिलं, पुढारीने ते पिऊन भांडं ठेवलं. "पण हे मला कशाला सांगतोस? मला तर ठाऊकच होतं. शिवी सगळ्या डेपोसमोर दिलीस ना? मग डेपोत जा."

सकाळी पुढारी ड्युटीच्या खोलीत उभा राहिला. बाकावर नवी पोरं, हातात मोबाईल. त्याने जुना आवाज लावला. "ऐका रे! लोणी चमचा नव्हता. गाडी डी वर मी ठेवली होती!"

एकाने कानातली वायर काढली. "काका, लोणी कोण?"

पोरं हसली. वाईट हसली नाहीत, आपली हसली. चाचणीच्या त्या दिवशी हजर असलेला कुणी दिसतो का, म्हणून पुढारीने खोलीभर नजर फिरवली. दारात फक्त तेव्हाचा मेकॅनिक होता, आता म्हातारा झालेला, चिंधीला हात पुसत.

"आत्ता सांगतोयस होय?" तो म्हणाला, आणि खड्ड्यात उतरला.