पाचव्या महादेवाचं पाणी

आधीच सांगून टाकते, इथे लोकांनी लिहिलेले असले अनुभव वाचून मी बरेचदा मनातल्या मनात हसते. सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवते मी. रस्त्यात लिंबू-मिरची दिसली की मुद्दाम त्यावरून स्कूटी नेणारी बाई. म्हणूनच हे लिहायला दोन वर्षं लागली.

त्या श्रावणात आमची सात वर्षांची गुड्डी नागपूरला आयसीयूत होती. मेंदूज्वर. सहा दिवस डोळे उघडले नव्हते. आत एकालाच सोडायचे, म्हणून तिचे बाबा तिथे बसून होते. तशात सासूबाईंनी मोहगावच्या पाच महादेवांचं काढलं.

"लेकराच्या मायनंच पाणी वाहा लागते. चाल माह्यासंगं."

असा राग आला ना मला... पोरगी तिथे मरणाच्या दारात, आणि मी देवळं फिरू? पण घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती. गेले.

रीत अशी — सोमवारी सकाळी नदीवर आपला गडवा, म्हणजे तांब्या हो, आपण भरायचा आणि तेच पाणी पाचही देवळांत थोडं थोडं वाहायचं. दुसऱ्याच्या गडव्यातलं घ्यायचं नाही. म्हणे, तहानलेले महादेव इथे पाच ठिकाणी टेकले, तेव्हा एकीनं शेजारणीच्या गडव्यातलं पाणी पाजून वर मागितला. वर तिला मिळाला, आयुष्य शेजारणीचं गेलं. सासूबाईंनी हे चालता चालता सांगितलं. मी हूं हूं करत होते.

चौथ्या देवळातून उतरताना माझा पाय घसरला. गडवा उपडा. मी तिथेच चिखलात बसून ढसाढसा रडले.

"काहून रडून राहिली? घे हे," म्हणत सासूबाईंनी आपला गडवा माझ्या गडव्यावर धरला.

"अहो आई, चालत नाही ना?"

"तू तं मानतच नाई. मंग?"

पाचवं देऊळ संत्र्याच्या बगिच्यापलीकडे. भर दुपार, लख्ख ऊन. मी पाणी पिंडीवर वाहिलं. मग आईंनी गडवा कलता केला. मी त्यांना खेटून उभी होते. आत बोटभर पाणी दिसत होतं, हलत होतं... पण पडेना. त्यांनी पुरता उपडा केला — थेंब नाही. सरळ केला, तर आत ठणठणीत कोरडा.

"पोचलं," एवढंच म्हणाल्या त्या.

बसची वाट पाहत असताना फोन आला. गुड्डीनं डोळे उघडले होते. आई मला धरून खूप रडल्या.

त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी चहा पिता पिता त्या गेल्या. बीपी नाही, शुगर नाही, आदल्या संध्याकाळपर्यंत वावरात होत्या.

डॉक्टर म्हणतात पोरीला औषध लागू पडलं, आईंना अटॅक आला. असेल. त्या पाण्याचं काय झालं, ते मात्र मला आजही सांगता येत नाही. भास म्हणावा तर मी शुद्धीत होते.

मी मानत नव्हते म्हणून पाणी घेतलं, असं स्वतःला समजावते. खोटं आहे ते. ओतायच्या आधी आईंचा हात थांबला होता, त्या माझ्याकडे पाहत होत्या. मी गडवा मागे घेऊ शकले असते... मी तो पुढे केला.