भिजल्या कापसाचे वजन

डोंगरकड्याचे पिंजारीचाचा माणूस भेटताच आधी त्याचा दंड दाबून पाहत आणि मगच खुशाली विचारीत. मी तेथील शाळेत नवा रुजू झालो, तेव्हा माझाही दंड त्यांनी अंगठ्याने चाचपला आणि भर बाजारात निकाल दिला, "मास्तर, खोळ बराबर हाय, आत भरलं न्हाई कायीच!" मी लाजून बाही खाली ओढली. आमचा स्नेह तेथून सुरू झाला.

कापसाची पारखही त्यांच्या बोटांतच होती. मूठभर कापूस दाबून ते मूठ उघडीत. तो फुलून वर आला तर "जित्ता हाय" म्हणत, नाहीतर बाजूला सारीत. पिंजताना त्यांच्या कमानीची तात अशी झणकारे, की शेजारच्या शाळेत माझ्या वर्गाचे पाढे त्याच ठेक्यावर चालत.

मग तो हात लवकर थकू लागला. अंगावर निळे डाग उमटले, संध्याकाळचा ताप येऊ लागला. हैद्राबादच्या दवाखान्यात रक्त तपासले गेले आणि डॉक्टरांची चिठ्ठी वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. रक्ताचा कर्करोग, फारसा उपाय नाही, किती दिवस, ते सांगता येत नाही. मी अडखळत वाचले. चाचांनी एवढेच विचारले, "रझियाच्या निकाहापर्यंत हात चालंल का?" लेकीची गादी बापानेच पिंजावी, असा त्यांच्या घरचा रिवाज होता आणि निकाह सुगीनंतरचा ठरला होता. चिठ्ठीत या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

आम्ही ते शिऱ्यात आणि तुपात शोधले. चाची त्यांना खाटेवरून उतरू देईनात. मी शिकलेला, म्हणून देखरेख माझी. दर आठवड्याला मी त्यांना कापसाच्या अडत दुकानात नेऊन मोठ्या काट्याच्या पारड्यात बसवीत असे. वजन घटत नाही, याचा मला केवढा आनंद! एका बाजाराला तर ते दोन शेरांनी वाढले. चाचींनी साखर वाटली. "उतरा आता, चाचा," मी म्हणालो. चाचांनी जोर लावला. पारडे हलले, चाचा हलले नाहीत. शेवटी दोन हमालांनी त्यांना बगलेत धरून उचलले.

मला मान वर करवेना. चाचा मात्र हसत होते. "मास्तर, वजन तर भिजल्या कापसाचंबी भरतं. दाबून बगा, उठतो का." त्यांनी दंड पुढे केला. घेर पूर्वीचाच होता. पण माझ्या अंगठ्याला आतून काहीच जाब मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी खाट भिंतीला उभी राहिली. चाचा पाटावर बसू लागले आणि जमिनीला हात न लावता उठू लागले. पहिल्या दिवशी एकदाच, तेही चाचींच्या आधाराने. ताप असला की सुट्टी. उतरला की पुन्हा पाट.

"काहून जीव काढून राहिले?" चाची रागावत.

"जीव न्हाई, पाणी काढून राहिलो."

माझ्यासाठीही शेजारी पाट मांडला जाई. सातव्या खेपेस माझा हात जमिनीकडे वळला, की चाचा ओरडत, "हात न्हाई लावायचा, मास्तर! लेकरांना काय शिकवता मंग?" चाची तोंडाला पदर लावीत.

निकाहाला पंधरवडा उरला, तेव्हा चाचींनी गुपचूप वारंग्याहून दुसरा पिंजारी बोलावला. चाचांनी त्याला चहा पाजला, त्याचा दंड दाबून तारीफ केली आणि परत पाठवले. मग स्वतःची कमान खाली काढली. एरवी अर्ध्या दिवसाचे ते काम त्यांनी अकरा दिवस केले. वीस ठोके, मग विसावा. त्या दिवसांत माझ्या वर्गाचे पाढे फार सावकाश चालले. मी कोणाला घाई केली नाही.

रझिया सासरी, साखरा गावी निघाली, तेव्हा चाचा त्याच गादीवर बसले होते. ती सलामाला वाकली, तसे ते हात न टेकता उठले आणि बैलगाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले. पुढच्या पावसाळ्याआधी ते गेले.

अलीकडे कामानिमित्त साखऱ्यास जाणे झाले. रझियाने आग्रहाने मला त्या गादीवर बसवले. कापूस अजून दबलेला नाही. निघताना मी नकळत हात टेकला, तोच ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हात न्हाई लावायचा, मास्तरचाचा!"

मी हात मागे घेतला. दुसऱ्या प्रयत्नात उठलो.