हापशाची साखळी

घटनादुरुस्ती झाली आणि गावाच्या हाती सत्ता आली, असं मला जतला दोन दिवसांच्या प्रशिक्षणात चहाबिस्किटांसकट सांगण्यात आलं. मी ग्रामसेवक होतो. पगार जिल्ह्याचा, काम गावाचं, शिव्या दोन्हीकडच्या.

गावात पाण्याचा एकच हापसा. पैसा दिल्लीचा, त्यात राज्याचा हिस्सा. दुरुस्ती तालुक्याकडे, सुटे भाग जिल्ह्याकडे. गावाकडे देखभाल, म्हणजे बिघडलेल्याकडे बघत राहणं. दांड्याची साखळी तुटली, तेव्हा वरच्या चौघांपैकी कुणाचंच काही तुटलं नव्हतं. टँकर मागावा, तर तालुक्याच्या नोंदीत हापसा चालू, आणि चालू हापशाच्या गावाला टँकर नाही. बायका तीन मैलांवरून घागरी आणत होत्या. मला ऑफिसात बसवेना. उठून पुन्हा पुन्हा हापशापाशी जाऊन यायचो, जणू माझ्या हजेरीने तो सुधारणार होता.

सरपंचबाई नव्या आरक्षणातून निवडून आलेल्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. एका सकाळी त्यांनी तुटकी साखळी काढून पिशवीत टाकली.

"चला भाऊसाहेब. कागुद लय झालं, आता ही दाखवू."

सांगलीच्या ऑफिसात पहिल्या टेबलाने तालुका दाखवला, दुसऱ्याने मुंबई, तिसऱ्याने दिल्ली.

"दिल्लीची यष्टी कवा हाय?" बाईंनी विचारलं. कुणी हसलं नाही. त्यांनी साखळी चौथ्या टेबलावर, फायलींवरच ठेवली.

कारकून दचकला. "बाई, ही सरकारी मालमत्ता आहे! काढली कुणी?"

"आमीच. आता सत्ता आमची हाय म्हनं."

त्याने साखळी जमा करून घेतली. परतीच्या गाडीत रिकाम्या पिशवीची मी घडी घालत होतो, मोडत होतो.

आठ दिवसांत माझ्या नावे नोटीस आली: शासकीय मालमत्ता विनापरवाना हलवल्याबद्दल खुलासा करावा. पाठोपाठ जीप. तुटलेल्या साखळीसाठी चार महिने कुणी फिरकलं नव्हतं. हलवलेल्या साखळीसाठी तीन साहेब आले. पंचनाम्याआधी मालमत्ता पूर्ववत करणं नियमात होतं, म्हणून सोबत मेकॅनिक आणि नवी साखळी. दुपारी हापशाला पाणी आलं. साहेबांनी मला गावासमोर झापलं, आणि मग ते पाणी प्यायले.

मी खुलासा लिहायला बसलो. तीन मसुदे फाडले. सरपंचबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊसाहेब, साळंचा पत्रा गळतोय. पिशवीत मावंल असा न्हाई. पर काढाय येतोय."

मी पेन खाली ठेवलं. "कुठल्या वर्गाचा?"